उरलेल्या पानांचा हिशेब

कापसाच्या बाजारात भावाचा अंदाज वजाबाकीने बांधतात. यंदा पीक किती, आजवर आवक किती झाली, शेतकऱ्याच्या घरात अजून किती माल पडून आहे. 'जालना सोने का पालना' म्हणवणारे शहर जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्यावर मोठे झाले, तेव्हा ही वजाबाकी तिथल्या व्यापाऱ्याच्या हाडीमांसी खिळलेली असणार. पत्त्यांच्या डावातही शहाणपणाचा हिशेब हाच: काय पडले ते लक्षात ठेवा, म्हणजे काय उरले ते कळते. माझे म्हणणे असे की या भागातल्या जुगाराचा इतिहास म्हणजे ही रास्त वजाबाकी जिथे लागू पडत नाही अशा ठिकाणी नेऊन लावल्याचा इतिहास आहे, आणि माणसे बुडाली ती हिशेब न येण्यामुळे नव्हे, तर चुकीच्या जागी हिशेब केल्यामुळे.

आधी जिथे ती चालते ते पाहू. जालना 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याचा जुगाराचा कायदा 1305 फसलीचा, म्हणजे 1895-96 च्या सुमाराचा. कौशल्याच्या खेळांना त्यात सूट होती. याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर झालेली कारवाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि नोव्हेंबर 1967 मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. कारण मोठे नेमके होते: रमीत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. तीन पानांच्या खेळात तसे नाही, म्हणून तो निव्वळ नशिबाचा. मराठवाड्यातल्या छाप्यांच्या बातम्यांत ज्याला 'तिरट' म्हणतात, त्याची जात हीच.

गंमत अशी की ज्या 1956 साली जालना मुंबई राज्यात आले, त्याच वर्षी अमेरिकेत बाल्डविन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी ब्लॅकजॅकचे, म्हणजे पानांची बेरीज 21 च्या पुढे न जाऊ देता तिच्या जवळ नेण्याच्या खेळाचे, गणित छापले. नीट खेळले तर घराचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, फायदा जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, असे त्यांना आढळले. 1962 मध्ये एडवर्ड थॉर्पने पुढची पायरी पुस्तकात मांडली. संगणकावर एकेक पान काढून त्याने हिशेब केला, तेव्हा चारही पंज्या पडून गेल्यावर बाजू सुमारे तीन टक्क्यांनी खेळणाऱ्याकडे झुकते असे दिसले. कारण साधे आहे: वाटणाऱ्याकडे 16 झाले की त्याला पान घ्यावेच लागते, आणि पंजी आली की त्याचे थेट 21 होतात. एक्का आणि दहाच्या किमतीचे पान ही जोडी अख्ख्या कॅटमधून पहिल्या दोन पानांत येण्याची शक्यता 4.8 टक्के. पण 26 पाने उरली असताना त्यांत तीन एक्के आणि दहाच्या किमतीची दहा पाने असतील, तर तीच 9.2 टक्के होते. हा लाभ टिकतो, कारण पडलेली पाने लगेच कॅटमध्ये परत जात नाहीत.

त्याच 1962 साली मुंबईत कल्याणजी भगतांनी वरळीचा मटका सुरू केला; रतन खत्रींचा 1964 चा. त्याआधीचा आकडा न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर लागे. ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते. कापसाशी असलेले नाते तुटले, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले, आणि त्यांच्यासोबत बाजाराला मागचापुढचा संबंध असतो हा विश्वासही राहिला. राज्यभर चार्ट विकले जाऊ लागले. मागचे आकडे रकान्यांत मांडून पुढचा काढायचा. इथे वजाबाकी फसते. चित्रांची पाने काढून 40 पानांतून तीन ओढली आणि बेरजेचा शेवटचा आकडा घेतला, तर शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येकाची शक्यता नेमकी एक दशांश. बुकी देतो नऊपट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे सरासरीने त्याच्याकडेच राहतात; ब्लॅकजॅकमधल्या अर्ध्या टक्क्याच्या वीसपट. तीन सारख्या पानांची पत्ती मिळायची शक्यता तर आणखी कमी: 59,280 क्रमांपैकी एखाद्या ठरावीक आकड्याच्या तिप्पट पत्तीचे क्रम फक्त 24.

यावर चार्टवाले म्हणतील की आकडा काढणारा माणूस असतो, त्याच्या सवयी चार्टमध्ये दिसतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण सोडत प्रामाणिक असेल, तर सवयीला जागाच नाही. आणि नसेल, तर काढणारा ज्या आकड्यावर कमी पैसे लागले तोच काढील, म्हणजे ज्या आकड्याला चार्टने पुढे केले तोच आधी मरेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रमीला कौशल्य म्हटल्याने तीतही घरे बुडाली नाहीत का? बुडाली असतील, पण ती ज्या वाटेने बुडतात ती त्याच निकालात दाखवली आहे. जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल, तर रमीवरही गुन्हा लागू शकतो, असे न्यायालयाने तेव्हाच म्हटले. सहा जण बसले तर पैसा त्या सहांतच फिरतो. बाहेर जाते ती फक्त अड्डेवाल्याची 'नाल'. कौशल्य की नशीब या वादात आपण साठ वर्षे घालवली, आणि नाल किती, भाव किती, पडलेले पान परत कॅटमध्ये जाते की नाही, हे विचारायचे राहून गेले.

मटक्यात ते परत जाई. ओपनची तीन पाने दाखवून झाली की क्लोजसाठी कॅट पुन्हा पिसायचा, आणि त्यात पुन्हा चाळीसच्या चाळीस पाने असायची.