इसबगोल

इसबगोल (शास्त्रीय नाव: प्लँटॅगो ओव्हाटा) ही प्लँटॅजिनेसी कुळातील वर्षायू औषधी वनस्पती आहे. तिच्या बियांवरील पातळ, पांढरट आवरणालाही व्यवहारात याच नावाने ओळखतात. हे आवरण, म्हणजेच इसबगोलचा भुसा, पाण्यात भिजताच फुगते व बुळबुळीत होते. बद्धकोष्ठतेवरील घरगुती उपाय म्हणून महाराष्ट्रात तो सुपरिचित आहे. इरिटेबल बाऊल सिंड्रोम (आयबीएस) या आतड्यांच्या दीर्घकालीन विकारात जी वनस्पतिजन्य पूरके घेतली जातात, त्यांपैकी बऱ्यापैकी पुरावा उपलब्ध असलेल्या मोजक्या पदार्थांत इसबगोलची गणना होते. त्याने हा विकार बरा होत नाही. काही रुग्णांची लक्षणे सुसह्य होतात.

नावाची व्युत्पत्ती

'इसबगोल' हा शब्द फारसीतून आला आहे. 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'घोल' म्हणजे कान, अशी त्याची फोड सांगितली जाते. नावेच्या आकाराचे बी घोड्याच्या कानासारखे दिसते. संस्कृतात आढळणारे 'ईषद्गोल' हे नाव या परकीय शब्दाला दिलेले संस्कृत रूप असून 'अश्वगोल' या नावात घोडा तेवढा शिल्लक राहिला आहे. इंग्रजी व्यवहारातील 'सिलियम' हे नाव पिसू या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. युनानी वैद्यकात हे बी फार पूर्वीपासून वापरात आहे. १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' या औषधसंहितेत त्याचा समावेश झाला.

लागवड व प्रक्रिया

भारत हा इसबगोलचा सर्वांत मोठा उत्पादक व निर्यातदार देश आहे. गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश या राज्यांत रब्बी हंगामात हे पीक घेतात. मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही त्याची प्रमुख बाजारपेठ, तर जवळच्या सिद्धपूर येथे बियांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. पीक तयार होत असताना थंड व कोरडी हवा लागते. ओंब्या पक्व झाल्यावर पाऊस आला तर बी गळून शेतातच पडते व हाती आलेले पीक जाते. बी भरडून व पाखडून भुसा वेगळा करतात. वजनाने तो बियांच्या साधारण चौथा हिस्सा असतो. बाजारात 'सत इसबगोल' म्हणून विकला जातो तो हाच.

आतड्यातील कार्य

भुशातील मुख्य घटक ॲरॅबिनोझायलन हा बुळबुळीत तंतू आहे. तो माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही, पाणी धरून ठेवतो आणि मोठ्या आतड्यातील जीवाणूंकडूनही फारसा आंबवला जात नाही. या तिन्ही गुणांमुळे एकच पदार्थ परस्परविरुद्ध तक्रारींत उपयोगी पडतो. मल घट्ट असेल तर धरलेल्या पाण्यामुळे तो मऊ होतो. पातळ असेल तर सुटे पाणी शोषले जाऊन त्याला आकार येतो. म्हणून इसबगोलला केवळ 'रेचक' म्हणणे अपुरे आहे.

आयबीएसमधील उपयोग

आयबीएसमध्ये आतड्याच्या रचनेत नेहमीच्या तपासण्यांत दिसेल असा बिघाड नसतो, तरी पोटदुखी व शौचातील बदल दीर्घकाळ टिकतात. २०१६ च्या 'रोम ४' निकषांनुसार गेल्या ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान १ दिवस पोटदुखी असावी लागते. शौचाशी असलेला संबंध, शौचाच्या वारंवारतेतील बदल आणि मलाच्या स्वरूपातील बदल यांपैकी किमान दोन गोष्टी या दुखण्याशी निगडित असाव्या लागतात. बद्धकोष्ठताप्रधान, अतिसारप्रधान व मिश्र हे त्याचे प्रमुख प्रकार होत. साध्या बद्धकोष्ठतेला किंवा अधूनमधून होणाऱ्या गॅसला 'आयबीएस' म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, ती या निकषांत बसत नाही.

अशा रुग्णांना पूर्वी सरसकट 'चोथा वाढवा' असे सांगितले जाई आणि त्यासाठी गव्हाचा कोंडा सुचवला जाई. कोंड्यातील तंतू बहुतांशी अविद्राव्य असतो, तर इसबगोलचा विद्राव्य. हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे नेदरलँड्समधील एका चाचणीत दिसून आले. २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २७५ रुग्णांचे तीन गट करून त्यांना १२ आठवडे रोज १० ग्रॅम इसबगोल, कोंडा किंवा औषधी गुण नसलेले तांदळाचे पीठ देण्यात आले. पहिल्या महिन्यात इसबगोलच्या गटातील ५७ टक्के, तर तांदळाच्या पिठाच्या गटातील ३५ टक्के रुग्णांना पुरेसा आराम वाटला. तीन महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेचे गुण इसबगोलने ९०, कोंड्याने ५८ व पिठाने ४९ इतके घटले. त्रास वाढल्यामुळे चाचणी लवकर सोडणाऱ्यांचे प्रमाण कोंड्याच्या गटात सर्वाधिक होते.

याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नुसते पीठ घेणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांना बरे वाटले. या विकारात लक्षणे आपोआप कमी-जास्त होतात आणि उपचार चालू असल्याच्या जाणिवेनेही आराम पडतो. त्यामुळे एखाद्या चूर्णाने 'आठवड्यात गुण आला' या अनुभवावरून त्या चूर्णाचा गुण सिद्ध होत नाही. शिवाय याच चाचणीत रुग्णांच्या जीवनमानात तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आयबीएससाठी विद्राव्य तंतूची शिफारस आहे; अविद्राव्य तंतूची नाही. ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने त्याच वर्षी रोज ३ ते ४ ग्रॅमपासून आरंभ करून मात्रा हळूहळू वाढवण्यास सांगितले. पहिल्याच दिवशी मोठी मात्रा घेतल्यास पोट फुगते, आणि पुष्कळ लोक 'मानवत नाही' म्हणून तेथेच थांबतात.

इतर वनस्पतिजन्य पूरके

पेपरमिंट तेलातील मेंथॉल आतड्याच्या स्नायूंतील कॅल्शियम-मार्ग रोखून पेटके कमी करते. ते जठरात सुटल्यास छातीत जळजळ होते, म्हणून विशिष्ट आवरणाच्या कॅप्सूलमध्ये देतात. पूर्वीच्या चाचण्या त्याला अनुकूल असल्या तरी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९० रुग्णांच्या डच चाचणीत मुख्य निकषावर ते निष्क्रिय कॅप्सूलपेक्षा सरस ठरले नाही. काही दुय्यम लक्षणांत मात्र सुधारणा दिसली. इन्युलिन हाही वनस्पतिजन्य तंतूच आहे, परंतु तो आतड्यात लवकर आंबतो व गॅस वाढवतो.

भारतीय बाजारातील अनेक 'पाचक' वा 'पोट साफ' चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याच्या हालचालीला चेतवणारी रेचक आहे. तिचे कार्य इसबगोलहून सर्वस्वी वेगळे असून तिने पोटात कळा येऊ शकतात. पोटदुखी हेच ज्या विकाराचे मुख्य लक्षण आहे, त्यात डब्यावरील घटकांची यादी न वाचता असे चूर्ण रोज घेणे अयोग्य होय.

सेवनाची पद्धत

भुसा पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट होण्यापूर्वी प्यावा व त्यानंतर आणखी पाणी प्यावे. बद्धकोष्ठतेत कोमट दुधातून आणि जुलाबात दह्यातून वा ताकातून घेण्याची घरोघरी रीत आहे. मात्र ज्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यांना दुधातून घेतलेल्या इसबगोलने उलट पोटफुगी व जुलाब होऊ शकतात आणि दोष भुशाला दिला जातो. पाण्यातून घेतल्यास हा प्रश्न उरत नाही.

दक्षता

कोरडा भुसा गिळणे किंवा अपुऱ्या पाण्याबरोबर घेणे धोक्याचे असते. तो घशात वा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणासाठी २००७ साली दाणेदार स्वरूपातील इसबगोल रेचकांना चिठ्ठीविना विक्रीच्या सर्वसाधारण मान्यतेतून वगळले. गिळण्यास त्रास असलेल्यांनी, अंथरुणाला खिळलेल्यांनी व आतड्यात अडथळा असलेल्यांनी इसबगोल घेऊ नये. वयोवृद्धांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. अगदी झोपण्याच्या क्षणी तो घेणेही टाळावे. इतर औषधांचे शोषण त्यामुळे कमी होऊ शकते, म्हणून त्यांत व इसबगोलमध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवतात. मधुमेहींच्या जेवणानंतरच्या रक्तशर्करेवरही त्याचा परिणाम होतो. भुशाच्या धुळीत सतत काम करणाऱ्यांमध्ये शिंका, दमा व क्वचित तीव्र ॲलर्जी आढळते.

शौचातून रक्त पडणे, कारणाविना वजन घटणे, रक्तक्षय, झोपमोड करणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली लक्षणे अथवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास आयबीएस गृहीत धरून पूरके घेत राहू नये. अशा वेळी इसबगोलने शौचाला तात्पुरता आकार येतो आणि तपासणी लांबणीवर पडते.