पुस्तकातला नियम आणि दारावरचं कुलूप

3 सप्टेंबर 1991, मंगळवार. आदल्याच दिवशी अमेरिकेनं कामगार दिनाची सुटी साजरी केली होती. नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं हॅम्लेट हे रेल्वेच्या फाट्यावर वाढलेलं छोटं गाव. जॅझचा थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन इथलाच. त्या सकाळी गावातल्या इम्पीरियल फूड प्रॉडक्ट्स या कारखान्यात नव्वदेक माणसं कामावर होती. कोंबडीचे तुकडे तळून, गोठवून हॉटेलांना पुरवायचे, हा तिथला धंदा. मोठ्या तळणीजवळचा हायड्रॉलिक तेलाचा पाइप नुकताच दुरुस्त करून जोडला होता. तो निसटला. दाबाखालचं तेल कारंज्यासारखं उडालं आणि थेट गॅसच्या जाळावर पडलं. क्षणात कारखाना काळ्या धुरानं भरला.

कामगार दारांकडे धावले. दारांना कुलपं होती.

25 माणसं गेली, त्यात बायका जास्त. पन्नासहून अधिक जखमी झाले. बहुतेकांचा जीव आगीनं नव्हे, धुरानं घेतला. एका बंद दारावर आतून मारलेल्या लाथांच्या खुणा नंतर सापडल्या. कुलपं का, तर कामगार कोंबड्या चोरतात, असा मालकाचा संशय. इमारतीत आग विझवणारे पाण्याचे फवारे नव्हते आणि आगीच्या वेळी बाहेर कसं पडायचं याची तालीम कधी झाली नव्हती.

माणूस आत असताना बाहेर जायचं दार कुलूपबंद ठेवायचं नाही, हा नियम तेव्हा कागदावर नव्हता असं मुळीच नाही. केंद्राच्या सुरक्षा मानकांत तो स्पष्ट शब्दांत होता आणि नॉर्थ कॅरोलायनानं ती मानकं रीतसर स्वीकारलेली होती. पण कारखाना अकरा वर्षं चालला आणि त्या अकरा वर्षांत राज्याचा सुरक्षा निरीक्षक एकदाही तिथे गेला नाही. केंद्राच्या कृषी खात्याचा मांस तपासनीस मात्र रोज यायचा. कोंबडी खाण्याजोगी आहे का, हे रोज पाहिलं जात होतं. ती कापणाऱ्या बाईला संकटात बाहेर पडता येईल का, हे पाहणं ज्यांचं काम होतं, ते त्या फाटकातून कधी आत आलेच नाहीत.

हे असं कसं झालं, याचा शोध घ्यायला ऐंशी वर्षं मागे जावं लागतं. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या शिवणकारखान्याला आग लागली. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याकडे होते. नवव्या मजल्यावरचं एक दार बंद होतं, कारण घरी जाताना मुलींच्या पिशव्या एकाच दाराशी तपासायच्या असत. 146 जीव गेले. त्यातल्या बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या, नुकत्याच अमेरिकेत आलेल्या तरुण मुली होत्या. कित्येकींनी खिडकीतून उड्या टाकल्या. रस्त्यावर उभं राहून हे पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. पुढे 1933 मध्ये त्या देशाच्या मजूरमंत्री झाल्या. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. कारखान्याचे दोन्ही मालक खटल्यातून सुटले, पण न्यूयॉर्क राज्यानं चौकशी आयोग नेमला आणि दोन-तीन वर्षांत कारखान्यांविषयी तीसहून अधिक कायदे केले.

हे कायदे राज्याचे होते, देशाचे नव्हते. यंत्राच्या पट्ट्यांना आणि दातेरी चाकांना आडोसा हवा, हा कायदा मॅसॅच्युसेट्सनं 1877 मध्येच केला होता. पण त्याच्या हद्दीबाहेर त्याला किंमत नव्हती. ज्या राज्यात कायदा कडक, तिथून कारखाना उठून ढिल्या राज्यात जायचा. न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्या दक्षिणेत कॅरोलायनांकडे सरकल्या, त्यामागे स्वस्त मजुरी आणि संघटनांचा अभाव ही मोठी कारणं होती. हॅम्लेटच्या कारखान्याचा मालकसुद्धा पेनसिल्व्हेनियातूनच खाली आलेला.

नोव्हेंबर 1968 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन 78 कामगार गेले. खाणीसाठी केंद्राचा कडक कायदा दुसऱ्याच वर्षी आला. उरलेल्या कामगारांचं काय, हा प्रश्न मग टाळता येईना. वर्षाला सुमारे 14,000 माणसं कामावर मरतात, असं काँग्रेसपुढे सांगितलं जात होतं. 29 डिसेंबर 1970 ला अध्यक्ष निक्सन यांनी कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य यांसंबंधीच्या कायद्यावर सही केली आणि एप्रिल 1971 पासून ओशा हे केंद्रीय खातं कामाला लागलं. पहिली मानकं घाईत गोळा केली गेली. उद्योगसंस्थांनी आणि अग्निसुरक्षावाल्यांनी स्वखुशीनं पाळण्यासाठी लिहिलेले संकेत उचलून त्यांना कायद्याचं बळ दिलं. त्यात संडासाच्या बैठकीचा आकार कसा असावा इथपर्यंत तपशील होते. असे शेकडो निरुपयोगी नियम 1978 मध्ये काढून टाकावे लागले. बंद दाराचा नियम मात्र याच गठ्ठ्यातून आला, आणि तो लाखमोलाचा होता.

या कायद्याचं अठरावं कलम राज्यांसाठी ठेवलेलं आहे. एखाद्या राज्याला सुरक्षेचं काम स्वतः चालवायचं असेल तर त्यानं योजना सादर करावी, तिची मानकं केंद्राच्या मानकांइतकी तरी परिणामकारक असावीत, आणि अशा योजनेचा निम्म्यापर्यंत खर्च केंद्र देईल. केंद्रानं नवं मानक काढलं की राज्यानं सहा महिन्यांच्या आत तेच किंवा त्याहून कडक मानक आणायचं. मराठी वाचकाला ही मांडणी फार परकी वाटू नये. आपल्याकडे कित्येक दशकं कारखान्यांचा 1948 चा कायदा संसदेचा होता, नियम 1963 चे महाराष्ट्राचे होते, आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर राज्य सरकारचा असे. फरक एवढाच की अमेरिकेत राज्याला हे ओझं घ्यायचं की नाही, याची मोकळीक आहे.

1972 मध्ये साउथ कॅरोलायनाची योजना मंजूर झाली, मग ओरेगॉनची, आणि 1973 च्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलायनाची. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि इलिनॉय यांनी योजना सुरू करून दोन-तीन वर्षांतच परत केल्या. ट्रँगलच्या राखेतून कायदे उभे करणाऱ्या न्यूयॉर्कनं खासगी कारखाने असे केंद्राच्या हाती सोपवले, हे वाचताना आजही अवघडल्यासारखं होतं.

राज्याच्या हाती हे काम असण्याचा फायदा पाहायचा तर कॅलिफोर्नियाकडे पाहावं. शेतात वाकून वाकून मजुरांच्या पाठीची कायमची वाट लावणाऱ्या आखूड दांड्याच्या कुदळीवर या राज्यानं 1975 मध्ये बंदी घातली. 1987 मध्ये गव्हर्नर ड्यूकमेजियन यांनी खासगी उद्योगांसाठीची राज्य योजना पैसे तोडून बंद पाडली, तेव्हा कामगार संघटनांनी प्रश्न मतदारांपुढे नेला. नोव्हेंबर 1988 च्या मतदानात लोकांनी योजना परत आणली. उन्हात राबणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती मिळालीच पाहिजे, हा नियमही याच राज्यानं 2005 मध्ये केला, केंद्राची वाट न पाहता.

नॉर्थ कॅरोलायनात उलट झालं. तिथले मजूर आयुक्त निवडणुकीतून येतात आणि निरीक्षकांचे पगार विधिमंडळाच्या मर्जीवर. राज्यानं आपला वाटा पुरेसा घातला नाही, म्हणून केंद्राचा पैसाही पडून राहिला. मानकं स्वीकारायला एक ठराव पुरतो. ती पाळली जातात का हे बघायला माणूस लागतो, आणि त्याच्या पगाराची, गाडीची, पेट्रोलची तरतूद लागते. कमी पडली ती नेमकी ही तरतूद. संपूर्ण राज्याला सुरक्षा निरीक्षक साठच्या आसपास होते.

आगीनंतर राज्यानं कंपनीला 8,08,150 डॉलरचा दंड ठोठावला. मालक एमेट रो यांनी मनुष्यवधाचे 25 आरोप कबूल केले आणि जवळपास वीस वर्षांची शिक्षा स्वीकारली. प्रत्यक्षात ते पाचही वर्षं तुरुंगात नव्हते. केंद्रानं आपले निरीक्षक नॉर्थ कॅरोलायनात उतरवले, राज्याच्या कामावर काही वर्षं डोळा ठेवला. विधिमंडळानं निरीक्षकांची संख्या 114 वर नेली आणि तक्रार करणाऱ्या कामगाराला कामावरून काढता येणार नाही असा कायदा 1992 मध्ये केला. त्याच वर्षी मजूर आयुक्त निवडणुकीत पडले. राज्याच्या योजनेला केंद्राची अंतिम मान्यता मिळायला 1996 चा डिसेंबर उजाडला.

ओढाताण तिथेच संपली नाही. घरं बांधणारा मजूर सहा फुटांवर चढला की त्याच्या पडण्याचा बंदोबस्त हवा, असं केंद्र म्हणतं. अॅरिझोनानं कायदा करून ती उंची पंधरा फूट केली. केंद्रानं 2015 मध्ये हा कायदा नाकारला. पुढे कोविडच्या काळात आरोग्यसेवकांसाठी काढलेलं तातडीचं मानक अॅरिझोनानं स्वीकारलं नाही, तेव्हा राज्याची मान्यताच फिरवण्याची नोटीस 2022 मध्ये निघाली. राज्यानं पावलं मागे घेतली आणि 2023 मध्ये नोटीसही मागे गेली.

आणि एक भगदाड या कायद्यात पहिल्यापासून आहे. केंद्राचा कायदा राज्य आणि स्थानिक सरकारांच्या नोकरांना लागू नाही. ज्या राज्यानं स्वतःची योजना केली नाही, तिथल्या नगरपालिकेच्या गटारात उतरणाऱ्या माणसासाठी ओशाचा निरीक्षक येत नाही. न्यूयॉर्कनं 1984 मध्ये फक्त सरकारी नोकरांसाठी योजना पुन्हा उभी केली, न्यू जर्सीनं 2001 मध्ये, इलिनॉयनं 2009 मध्ये. 1877 मध्ये यंत्राच्या दातेरी चाकांना आडोसा घालणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी नोकरांसाठीची योजना मंजूर झाली 2022 मध्ये.