साष्टीतील मुक्काम : कुटुंबप्रवासाच्या सिद्धतेचा इतिहास

ठाणे शहर एका बेटावर वसलेले आहे, ही गोष्ट तेथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानी येत नाही. उत्तरेस उल्हास नदीचे वसईकडे जाणारे मुख, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस समुद्र यांनी वेढलेले हे साष्टी बेट होय. त्याच्या दक्षिणेस मुंबईची सात बेटे होती व ती पुढे भरावांनी एकत्र झाली. कल्याण आणि डोंबिवली मात्र मुख्य भूमीवर आहेत. त्यामुळे कल्याणहून ठाण्यास येणे म्हणजे आज उपनगरी गाडीचा अल्पसा प्रवास असला, तरी इतिहासाच्या फार मोठ्या कालखंडात तो एका द्वीपमालिकेत केलेला प्रवेश होता.

या प्रदेशात सहकुटुंब सहलीची प्रथा लोहमार्गाबरोबर आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उपलब्ध पुरावा या समजुतीस पुष्टी देत नाही. सहल जुनीच आहे. लोहमार्गाने पालटली ती तिची सिद्धता. कुटुंबाने निघण्यापूर्वी कशाचा विचार करावयाचा, हे ज्या गोष्टींवर ठरत असे त्या मुख्यतः तीन होत्या : खाडीची भरती, मुक्कामाचे पाणी आणि उतरण्याची जागा. या तिन्हींचा मागोवा घेतला असता प्रवासाच्या इतिहासाची मांडणी वेगळी करावी लागते.

सर्वांत प्राचीन साक्ष कान्हेरीची आहे. साष्टीच्या मध्यभागी, डोंगरात खोदलेल्या या शंभराहून अधिक लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो. दाते आपले दान पुष्कळदा सपरिवार नोंदवितात आणि त्याच्या पुण्यात आई-वडील, पत्नी व पुत्र यांना सहभागी करतात. दानाचे स्वरूप पाहिले म्हणजे आणखी एक बाब स्पष्ट होते. संपूर्ण लेण्याइतकेच दान पाण्याच्या टाक्यांचे, म्हणजे ‘पोढी’चे, आणि बसण्यासाठी कोरलेल्या दगडी आसनांचे आहे. खडकात खोदलेल्या पन्हळींनी पावसाचे पाणी या टाक्यांत उतरविले जाई. भिक्षुसंघासाठी केलेली ही व्यवस्था येणाऱ्या-जाणाऱ्यासही उपयोगी पडणारी होती. वाटसरूच्या दृष्टीने टाके व आसन म्हणजे मुक्कामाची अर्धी सिद्धता होय. ती येथे आधीच करून ठेवलेली होती.

याहून बोलका पुरावा कान्हेरीच्याच एका लेण्यातील पहलवी लेखांचा आहे. त्यांपैकी दोन इ. स. १००९ मधील आणि एक १०२१ मधील आहे. तेथे आलेल्या जरथुश्त्री मंडळींची नावे, पित्याच्या नावासह, त्यांत ओळीने दिली आहेत. काही नावे १००९ च्या दोन्ही लेखांत आढळतात. हे लोक बौद्ध नव्हते. लेखांत दानाचा अथवा पूजेचा उल्लेख नाही. अमुक दिवशी अमुक मंडळी येथे आली, एवढीच नोंद आहे. नात्यागोत्याच्या मंडळींनी मिळून केलेल्या स्थलदर्शनाची ही नोंद आहे, असा निष्कर्ष त्यातून काढणे वाजवी ठरते.

या लेखांच्या तिथ्यांकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. १० ऑक्टोबर व २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१ अशा त्या येतात. तिन्ही भेटी पावसाळा सरल्यावरच्या आहेत. त्या सुमारास टाकी भरलेली असतात, ओढ्यांना पाणी असते, चिखल वाळलेला असतो आणि उन्हाचा ताप सुरू झालेला नसतो. तीन लेखांच्या आधारे नियम सांगणे धाडसाचे होईल. तथापि बारा वर्षांच्या अंतराने झालेल्या भेटींनी एकच ऋतू निवडावा, यामागे यदृच्छेपेक्षा विचार असण्याचा संभव अधिक आहे.

ऋतू ठरल्यानंतर दिवस ठरवावयाचा, आणि तो भरतीने ठरत असे. उल्हास नदीत भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. डोंबिवलीच्या पश्चिमेकडील खाडीही त्याच प्रवाहाची. ठाण्याजवळ मात्र पात्र अरुंद व उथळ होते. भरलेल्या मचव्यास तेथून जाण्यासाठी पुरेसे पाणी लागे. किनाऱ्यावरील लोकांचा यासाठी एक सोपा आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी येते आणि खाडीत आत जावे तसतशी ती काहीशी उशिरा पोहोचते.

या आडाख्यावरून कुटुंबाच्या अडचणीची कल्पना येते. कल्याणहून ठाण्याकडे उतरताना ओहोटीचा ओघ साहाय्य करी. म्हणून पूर्ण भरतीनंतर पाणी फिरताच निघणे सोयीचे. अष्टमीस ती वेळ सकाळी येते आणि मुलेबाळे, वृद्ध माणसे यांना घेऊन दिवसाउजेडी मजल गाठता येते. परंतु अष्टमीची भरती लहान, म्हणून उथळ जागी नाव अडकण्याचे भय. पौर्णिमेस वा अमावास्येस पाणी भरपूर. पण निघण्यास दुपार होते आणि मुक्कामास पोहोचेतो अंधार पडतो. म्हणजे पाणी हवे की उजेड हवा, हा प्रश्न घरातील कर्त्या माणसाला प्रत्येक वेळी सोडवावा लागे. पंचांग हे त्या काळी धर्मकृत्यांचे साधन होते, तसे प्रवासाचे वेळापत्रकही होते.

जलमार्गाचे हे प्राधान्य सतराव्या शतकातही कायम होते. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७५ साली मुंबईहून जुन्नरला गेला तो ठाणे व कल्याण या मार्गाने, आणि कल्याणपर्यंत त्याला पाण्याचा आधार होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला. राज्ये पालटली, पण भरतीची सत्ता अबाधित राहिली.

ती प्रथम कमी झाली सेतूंमुळे. शीवचा बांध १७९८ ते १८०५ या काळात बांधला गेला आणि मुंबई व साष्टी यांच्यात गाडीवाट झाली. माहीमचा सेतू लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून १८४५ मध्ये खुला झाला. आता तट्ट्याचे छप्पर घातलेली बैलगाडी शिधा, भांडी व अंथरुणे घेऊन बेटाबेटांतून चालू शकली. ही गाडी वाहन होती आणि रात्रीचा निवाराही होती. बैल सोडले, तीन दगडांची चूल मांडली की बिऱ्हाड थाटले गेले. जिल्ह्याचे अधिकारी हिवाळ्यात डेरे-राहुट्या घेऊन फिरतीवर निघत, त्यांची पद्धत याहून थाटाची असली तरी तत्त्वतः भिन्न नव्हती. त्यांनाही मुक्काम विहीर अथवा तळे पाहूनच करावा लागे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा एकवीस मैलांचा लोहमार्ग सुरू झाला. १ मे १८५४ रोजी तो खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचला. या घटनेचे महत्त्व केवळ वेगात नाही. तिथीची जागा घड्याळाने घेतली आणि सिद्धतेचा भार कुटुंबाकडून कंपनीकडे गेला. प्रवाशाने आता भाडे भरावे व वेळेवर यावे, एवढेच उरले. वृद्धांना, लहान मुलांना आणि बेताच्या मिळकतीच्या माणसांना प्रवास सुलभ झाला, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु सकाळी जाऊन सायंकाळी परतता येऊ लागल्यावर मुक्कामाचे कारण राहिले नाही. आणि मुक्कामाबरोबर पाणी, तिथी व जागा यांचे कौटुंबिक ज्ञानही क्षीण होत गेले. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. बेटाचे पाणी नळाने शहरात जाऊ लागले आणि बेट हे बेट असल्याचा विसर पडण्यास आणखी एक कारण मिळाले. आडाखा टिकला तो प्रामुख्याने कोळी व खाडीवर उपजीविका करणाऱ्या लोकांत.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. राहण्याची सोय असलेले वाहन घेऊन कुटुंबाने फिरावे आणि ठरलेल्या तळावर उतरावे, ही त्यामागील कल्पना. तळ म्हटला की पाणी, निर्धोक जागा आणि तेथवर पोहोचणारी वाट हे प्रश्न पुन्हा पुढे येतात. ते नवे नाहीत. कान्हेरीच्या दात्यांनी पोढी आणि आसन कोरून त्यांपैकी दोहोंचे उत्तर दिले होते.

प्रवासाचा इतिहास लिहिताना वाहनांचा व मार्गांचा अनुक्रम देऊन थांबण्याचा प्रघात आहे. साष्टीचे उदाहरण असे दर्शविते की, माणसे कशाने गेली याइतकेच, निघण्यापूर्वी त्यांनी काय जमविले आणि कोठे थांबण्याचे योजिले, हेही पाहिले पाहिजे. मुक्कामाच्या खुणा टाक्यात, तळ्याच्या काठी, बंदराच्या धक्क्यावर आणि पंचांगाच्या वापरात आढळतात. ठाणे व कल्याण परिसरात त्या अद्याप पुष्कळ आहेत. वाढत्या शहरांखाली त्या बुजण्यापूर्वी त्यांची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे.