प्रिंटरच्या पोर्टातून आलेलं मशीन

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगावच्या उत्तरेची दोन गावं. एका अंगाला मार्कंडेय नदी, दुसऱ्या अंगाने एपीएमसी यार्ड ओलांडून सरकत आलेलं शहर. शहराच्या दुसऱ्या टोकाला, खानापूरच्या वाटेवर, उद्यमबाग. बिडाचं ओतकाम, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह ही तिथली वहिवाट. म्हणून कंग्राळीतल्या एखाद्या डिप्लोमा झालेल्या पोराने घरी छोटं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणारं-कोरणारं मशीन, बांधायचं मनावर घेतलं, तर निम्मी लढाई तो घराबाहेर पडण्याआधीच जिंकलेला असतो. एमडीएफवर जाळी कापायची, देव्हाऱ्याच्या दारावर वेलबुट्टी कोरायची, घराच्या नावाची पाटी काढायची, तर आधी ताठ सांगाडा लागतो. इथे बेड प्लेन करून देणारा, स्क्रूचं टोक टर्न करून देणारा, बेअरिंगचं घर बोअर करून देणारा माणूस ओळखीतच निघतो. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला हे सुख सहजी मिळत नाही.

अडतं ते पुढे. घरातल्या कॉम्प्युटरने मोटार नेमकी हवी तेवढीच कशी फिरवायची? या प्रश्नाचं उत्तर बेळगावात जन्मलं नाही. अमेरिका, स्कॉटलंड, जपान, कॅनडा, नॉर्वे अशी वळणं घेत ते इथे आलं. इथे मात्र त्याची वाट बघत एक जुनं घराणं बसलेलं होतं.

ते घराणं लेथचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 1888 साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान निघालं. मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावकराने अजून हळहळावं अशी ही गोष्ट आहे. नांगराच्या त्याच घरातून 1941 मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिचे लेथ दक्षिणेतल्या शॉपांमध्ये गेले.

लेथवर काम करणारा टर्नर काय करतो ते नीट बघावं. हँडव्हील फिरवलं की स्क्रू फिरतो, स्क्रू फिरला की स्लाइड सरकते. चाकाच्या डायलवर रेघा असतात. किती रेघा फिरवल्या हे टर्नर मोजतो. स्क्रू आणि नट यांच्यातला ढिलेपणा, ज्याला शॉपमध्ये प्ले म्हणतात, तोही त्याच्या हिशेबात असतो, म्हणून तो नेहमी एकाच बाजूने येऊन मापावर थांबतो. पुढची सगळी यंत्रं मला या मोजणीच्या बदल्या वाटतात. स्क्रू तोच, स्लाइड तीच. रेघा मोजायचं काम मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं.

पहिली मोठी बदली अमेरिकेत झाली. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळसे हाताने मोजून कापता येईनात, म्हणून जॉन पार्सन्स या कारखानदाराने आकड्यांवर चालणाऱ्या मशीनची कल्पना मांडली. 1952 मध्ये एमआयटीने सिनसिनाटीच्या एका मिलिंग मशीनला भोकांच्या पट्टीवरून चालवून दाखवलं. त्याचं व्हॅक्यूम ट्यूबचं कपाट मशीनपेक्षा जास्त जागा अडवत होतं. हे विमानदलाच्या पैशाचं काम होतं, हौशी माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तिथे मोटार किती फिरली ते परत कळवणारी सर्वो पद्धत होती. ती अचूक, पण महाग.

हौशी माणसाच्या वाट्याला आली ती स्टेपर मोटार. तिचा उगम बराच मागे जातो. 1919 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या सी. एल. वॉकर या इंजिनिअरने दात्यांच्या रचनेचं पेटंट घेतलं. 1920 च्या दशकात ब्रिटिश युद्धनौकांवर तोफांची आणि टॉर्पेडोच्या नळ्यांची दिशा दुरून दाखवायला पायरी-पायरीने सरकणाऱ्या मोटारी वापरल्या जात. आज आपण वापरतो ती जात मात्र जनरल इलेक्ट्रिकच्या फायरटाग आणि डोनाहू यांच्या 1952 च्या पेटंटमधून आली, आणि गंमत म्हणजे तिला पायऱ्या टाकायला बनवलंच नव्हतं. गिअरशिवाय संथ फिरणारी एसी मोटार हवी होती. रोटरवर 50 दाते, म्हणून अमेरिकेच्या 60 सायकल विजेवर ती मिनिटाला 72 फेरे घेई. आपल्या 50 सायकलवर बरोबर 60, म्हणजे सेकंदाला एक. सुपीरिअर इलेक्ट्रिक कंपनी असल्या मोटारी स्लो-सिन या नावाने विकत असे. मग ध्यानात आलं, की एसीऐवजी तिच्या गुंडाळ्यांना डीसी आळीपाळीने दिला, तर ती एका फेऱ्यात 200 पायऱ्या टाकते. प्रत्येक पायरी 1.8 अंशाची, आणि करंट चालू असेपर्यंत जिथे थांबली तिथे घट्ट धरून उभी.

इथे मोजणी सोपी झाली. एक पल्स म्हणजे एक पायरी. डायलवरची रेघ आता विजेचा ठोका झाली. धोकाही त्यातच होता: मोटार परत काही सांगत नाही. ठोका पाठवला आणि पायरी पडलीच नाही, तर पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. शॉपच्या भाषेत स्टेप सुटली. जाळी कापून झाल्यावर शेवटचं फूल चौकटीबाहेर गेलेलं दिसतं तेव्हा कळतं.

बेळगावच्या हायड्रॉलिकवाल्यांना आवडेल असा एक फाटा इथे आहे. स्टेपर मोटारीत दम कमी. जपानमध्ये फुजित्सूत काम करणाऱ्या सेइउएमोन इनाबांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी त्यावर तोड काढली: छोटी स्टेपर फक्त व्हॉल्व्ह हलवणार, आणि दम लावणार तेलावरची हायड्रॉलिक मोटार. फुजित्सूतूनच निघालेल्या फानुकची सुरुवातीची मशीनं या जोडीवर चालली. 1973 च्या तेलटंचाईनंतर तेल गरम करत वीज खाणारी ही जोडी परवडेना, तेव्हा स्वतःचाच शोध बाजूला ठेवून इनाबांनी अमेरिकन गेटिस कंपनीची डीसी सर्वो मोटार घेतली. आपण काढलेल्या मालाला असं मोडीत काढायला छाती लागते. मोठ्या मशीनच्या दुनियेतून स्टेपर जवळपास गेली, ती तेव्हापासून.

ती गेली कुठे? कचेरीत. फ्लॉपी ड्राइव्हचं हेड सरकवायला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची कॅरेज आणि कागद ओढायला. पतसंस्थांत, विमा कचेऱ्यांत टीव्हीएस आणि एपसनचे प्रिंटर करकरत होते, त्या प्रत्येकात दोन स्टेपर होत्या. पुढे हे प्रिंटर भंगारात निघाले आणि हौशी माणसाला मोटारी किलोच्या भावात मिळू लागल्या. मोठं राउटर ओढायला त्या दुबळ्याच, पण शिकायला पुरतात.

ज्या प्रिंटरमधून मोटार आली, त्याच प्रिंटरच्या पोर्टातून तिचा हुकूमही आला. 1981 च्या आयबीएम पीसीला प्रिंटर जोडायला 25 पिनांचा पॅरलल पोर्ट मिळे. प्रिंटरला अक्षरं पाठवायला आठ तारा, नियंत्रणाला चार, आणि प्रिंटरकडून निरोप यायला पाच. प्रोग्रॅममध्ये 378 या हेक्साडेसिमल पत्त्यावर आकडा लिहिला की त्या आठ तारांवर पाच व्होल्ट किंवा शून्य उमटे. मध्ये कोणी दलाल नाही. दोन तारांवर एक अक्ष: एकीवर ठोका, दुसरीवर दिशा. आठ तारांत चार अक्ष. आणि उलट्या वाटेवर, कागद संपला हे सांगायला ठेवलेल्या पिनवर लोक टेबल कडेला पोचल्याचा लिमिट स्विच जोडू लागले. पोर्टाच्या तारा इतक्या अशक्त, की मोटारीचा करंट त्यांच्यातून जाऊच शकत नाही. म्हणून मध्ये ड्रायव्हर. आधी यूएलएन2003 सारखी चिप, मग एसजीएसची एल297 आणि एल298 ची जोडी, नंतर अॅलेग्रो आणि तोशिबाच्या चिपा. घाईघाईत, दोन्हीकडची वीज अलग ठेवणारा ऑप्टोकपलर न लावता जोडणी करून मदरबोर्ड जाळलेली माणसं या छंदात कमी नाहीत.

आता थोडा हिशेब करावा लागेल, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. 200 पायऱ्यांची मोटार, ड्रायव्हरमध्ये एका पायरीचे आठ तुकडे केलेले, म्हणजे फेऱ्याला 1,600 ठोके. स्क्रू एका फेऱ्यात 5 मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे मिलिमीटरला 320 ठोके. लाकडावर मिनिटाला 3 मीटरच्या वेगाने जायचं तर सेकंदाला 50 मिलिमीटर, म्हणजे 16,000 ठोके. दोन ठोक्यांत साधारण 62 मायक्रोसेकंद. आणि ते समान अंतरावर पडले पाहिजेत. वेगात असलेल्या मोटारीला मध्येच ठोका उशिरा मिळाला तर रोटर डचकतो, आणि पुन्हा एकदम त्याच वेगाचे ठोके आले की ते त्याला पकडता येत नाहीत. स्टेप सुटते.

डॉसच्या काळात हे जमत होतं, आणि ते डॉसच्या अडाणीपणामुळे. डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी आणि त्याच्या हाती सगळं यंत्र देऊन बाजूला होई. टायमरची चिप हवी तशी लावा, इंटरप्ट बंद करा, कोणी विचारणार नाही. टर्बोसीएनसीसारखे प्रोग्रॅम याच मोकळीकीवर उभे होते. जी-कोड ही मोठ्या मशीनची भाषा, तिचं अमेरिकन मानक 1970 च्या दशकाच्या शेवटी पक्कं झालं होतं, तीच या प्रोग्रॅमनी उचलली.

विंडोज आलं आणि पीसी शहाणा झाला. एकाच वेळी दहा कामं, त्यामुळे प्रत्येकाला थोडाथोडा वेळ. आणि विंडोज एनटीपासून सामान्य प्रोग्रॅमने पोर्टाला थेट हात लावायलाच बंदी. बंदी चुकवायच्या युक्त्या निघाल्या, पण वेळेचं काय? माउस हलवला, व्हायरसची तपासणी सुरू झाली, की प्रोग्रॅमला 15 मिलिसेकंद तिष्ठत बसावं लागे. आपल्या हिशेबात तेवढ्यात 240 ठोके, म्हणजे पाऊण मिलिमीटरची वाट. दर वर्षी पीसी वेगवान होत गेला आणि दर वर्षी या एका कामाला अधिक नालायक होत गेला. कॉम्प्युटर नवा म्हणजे मशीन चांगलं, ही समजूत मी अजूनही ऐकतो. ती का चुकीची आहे हे या आकड्यांवरून कळावं.

तोडगे दोन निघाले. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने 1990 च्या दशकात एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर, म्हणजे ईएमसी, बनवला. सरकारी पैशाचं काम म्हणून तो सगळ्यांना खुला होता. तो रिअल टाइम लिनक्सवर बसला. तिथली युक्ती अशी, की अख्खं लिनक्सच सगळ्यात खालच्या मानाचं काम ठरवायची आणि ठोके देणाऱ्या छोट्या भागाला पहिला मान द्यायचा. तोच पुढे लिनक्ससीएनसी झाला. 2011-12 मध्ये नाव बदललं, ईएमसी नावाच्या कंपनीचा आक्षेप आला म्हणून. दुसरा तोडगा कॅनडातल्या आर्ट फेनर्टींचा: माक. त्यांनी ईएमसीच्या कोडपासूनच सुरुवात केली, पण विंडोजच्या गाभ्यात घुसणारा ड्रायव्हर लिहिला. तो मूळ वेगाला सेकंदाला 25,000 वेळा जागा होऊन ठोका देई. माक3 छोट्या वर्कशॉपांत फार पसरला. विंडोजवर चालतो हे त्याचं भांडवल. 64 बिटच्या विंडोजवर त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर चालेना, आणि लॅपटॉपवरून पोर्टच गायब होऊ लागला. मग उलटी शोधाशोध सुरू झाली: प्रिंटर पोर्ट असलेला जुना पेंटियम फोर कुठे मिळतो का? चांगला डेस्कटॉप माळ्यावर टाकून, धूळ खाल्लेला डबा उतरवणारे लोक घरच्यांच्या बोलण्याला जुमानत नव्हते ते यामुळे.

यूएसबी या कामाला धार्जिणं नव्हतं. त्यावरून माहिती गठ्ठ्याने येते, ठोक्याची वेळ त्यात टिकत नाही. तेव्हा मोजणीची शेवटची बदली झाली. 2009 मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी जीआरबीएल लिहिलं, आर्डुइनोवरच्या चिपसाठी. पुढे ते सनी जिऑन यांनी सांभाळलं. एटीमेगा328 ही ती चिप: 16 मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमला 32 किलोबाइट, स्मरणाला फक्त 2. तेवढ्यात जी-कोड वाचणं, पुढची वळणं आधी बघून वेग कमी-जास्त करणं आणि सेकंदाला 30,000 पर्यंत ठोके देणं बसवलंय. मला ही या सगळ्या वंशावळीतली सगळ्यात देखणी कारागिरी वाटते. गिगाहर्ट्झच्या पीसीला जे नीट होत नव्हतं ते या चिपला होतं, कारण तिला दुसरं कामच नाही. डॉसचा अडाणीपणा इथे परत आला. पीसी आता जी-कोडच्या ओळी एकेक पुढे करतो, बस्स. चीनहून येणाऱ्या जाळीकामाच्या मोठ्या राउटरवर तर पीसीही नसतो. हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर आणि त्यात खुपसलेला पेनड्राइव्ह.

म्हणून कंग्राळीच्या त्या पोराला आज काय सुचवायचं? पैसा आधी सांगाड्यात आणि बॉल स्क्रूत घालावा, इलेक्ट्रॉनिक्स नंतर कधीही बदलता येतं. बेड उद्यमबागेत प्लेन करून घ्यावा. मोटारीला जॉबच्या अंदाजापेक्षा दुप्पट दम ठेवावा, म्हणजे स्टेप सुटायचा प्रश्न बराचसा मिटतो. मागे एन्कोडर बसवलेल्या स्टेपरही आता मिळतात. पायरी चुकली की त्या स्वतः सावरतात, नाहीतर ड्रायव्हर अलार्म देतो. आणि हेस्कॉमची वीज जॉबच्या मधोमध गेली तर? चिपच्या डोक्यातली मोजणी पुसली जाते, टेबल कुठे उभं आहे हे कोणालाच माहीत नसतं. त्यासाठी तिन्ही अक्षांच्या टोकाला एकेक होम स्विच पहिल्या दिवसापासून लावावा आणि जॉबचा शून्य बिंदू होमपासून किती अंतरावर धरलाय ते आकडे लिहून ठेवावेत. वीज आली की मशीन आधी स्विचला जाऊन टेकतं, मग ते आकडे घालायचे, आणि कापणं ज्या ओळीवर थांबलं तिच्या दोन ओळी मागून पुन्हा सुरू करायचं.