सोलापूरचा भुईकोट : आंदण दिलेला किल्ला

सोलापूर शहराच्या मध्यभागी, सिद्धेश्वर तलावाच्या काठी सोलापूरचा भुईकोट किल्ला उभा आहे. देवगिरी किंवा रायगडाप्रमाणे याला डोंगराचा आधार नाही. उंचीने जे संरक्षण मिळाले असते, ते येथे दुहेरी तटबंदी, भक्कम बुरूज आणि खंदक यांनी साधले आहे. पुणे धर्मप्रांतातील अनेक भाविकांचे या तटाजवळून नित्य येणे-जाणे असते. त्यांच्यासाठी या किल्ल्याचा व त्यावर राज्य केलेल्या घराण्यांचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

दोन घराण्यांची सीमा

किल्ल्याची उभारणी बहामनी राजवटीत झाली, असे मानले जाते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहामनी राज्य फुटू लागले आणि विजापूरला आदिलशाही व अहमदनगरला निजामशाही उदयास आली. सोलापूर या दोन्ही राज्यांच्या सीमेवर येत असल्याने ते आपल्याकडे असावे, असे दोन्ही घराण्यांना वाटे.

१५२४ साली सोलापूर येथेच इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशाहाशी झाला. सोलापूरचा किल्ला वधूसोबत आंदण द्यावयाचा, असे ठरल्याचे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. किल्ला मात्र दिला गेला नाही. ज्या विवाहाने सलोखा व्हावयाचा, त्यातूनच वैर जन्मले आणि वारंवार लढाया झाल्या. पुढे विजयनगरच्या रामरायाशी संधान बांधून बुऱ्हाणाने सोलापूर जिंकून घेतले.

चांदबिबीचे आंदण

काही वर्षांनी रामरायाचे वाढते सामर्थ्य दोन्ही घराण्यांना भयावह वाटू लागले. तेव्हा हुसेन निजामशाहाने आपली कन्या चांदबिबी अली आदिलशाहास दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्लाही आंदण दिला. अलीची बहीण हुसेनच्या पुत्रास देण्यात आली. या सोयरिकीने जुळलेल्या फळीने १५६५ साली तालीकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. १५७० साली याच दोन राज्यांनी एकाच वेळी पोर्तुगीजांच्या गोवा व चौल या ठाण्यांना वेढा घातला; परंतु दोन्ही ठाणी टिकली. सोलापूरच्या सोयरिकीचे पडसाद असे कोकणातील ख्रिस्ती वस्त्यांपर्यंत पोहोचले.

जिच्याबरोबर किल्ला दिला गेला, ती चांदबिबी पुढे स्वतःच्या कर्तृत्वाने इतिहासात अमर झाली. पतीच्या मृत्यूनंतर तिने विजापूरचा कारभार सांभाळला आणि १५९५-९६ मध्ये मोगल फौजेपासून अहमदनगरचा किल्ला राखला.

उत्तरकाल

१६२४ च्या भातवडीच्या विजयानंतर मलिक अंबरने सोलापूर निजामशाहीकडे खेचून घेतले. १६३६ च्या तहाने ते पुन्हा आदिलशाहीकडे आले आणि १६६८ साली मोगलांना द्यावे लागले. १६८५ साली विजापूरच्या मोहिमेच्या काळात औरंगजेबाची छावणी सोलापुरास होती. अठराव्या शतकात किल्ला निजामाकडे व नंतर पेशव्यांकडे गेला. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने तो पेशव्यांच्या फौजेकडून जिंकला आणि येथे इंग्रजी अंमल सुरू झाला.

आपल्यासाठी बोध

कन्येबरोबर किल्ला देण्याची ही चाल केवळ दख्खनच्या सुलतानांची होती, असे कोणी समजू नये. १६६१ च्या करारान्वये पोर्तुगालच्या कॅथरीन या राजकन्येबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण देण्यात आले. तेथेही गोव्याच्या अधिकाऱ्यांनी चालढकल केली आणि १६६५ पर्यंत ताबा दिला नाही. ही दोन्ही राजघराणी ख्रिस्ती होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आणि तरीही ख्रिस्तसभेची शिकवण त्याआधीच स्पष्ट होती. चांदबिबीच्या विवाहाच्या सुमारासच, ११ नोव्हेंबर १५६३ रोजी, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाह धर्मगुरू व दोन-तीन साक्षीदारांसमोर, वधू-वरांच्या संमतीने व्हावा, असा निर्णय दिला. सत्ताधाऱ्यांनी आपल्या प्रजेवर विवाहाची सक्ती करू नये, असेही तिने बजावले. आजही आपल्या मंदिरात विवाहसंस्कारापूर्वी धर्मगुरू वधू-वरांना विचारतात : तुम्ही स्वखुशीने येथे आला आहात काय?

हा प्रश्न मरियम किंवा चांदबिबीला कोणी विचारला असेल, असे इतिहासावरून दिसत नाही. आज कोणी किल्ला आंदण देत नाही. मात्र रोख रक्कम, दागिने व वाहने यांच्या मागण्या होतात, आणि १९६१ चा हुंडाप्रतिबंधक कायदा असूनही ठरलेले न मिळाल्यास वैर धुमसत राहते. सोलापूरच्या तटाकडे पाहताना आपल्या घरातील लेकीच्या विवाहात आपण देवाणघेवाण अधिक बोलतो की तिची इच्छा अधिक विचारतो, हे प्रत्येक कुटुंबाने तपासून पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.