बंदूक पुनर्खरेदी योजना (अमेरिका)

बंदूक पुनर्खरेदी योजना : नागरिकांनी स्वखुशीने आणून दिलेल्या बंदुका रोख पैसे किंवा भेटकार्ड देऊन जमा करून घेण्याचा स्थानिक उपक्रम. ‘पुनर्खरेदी’ हे नाव फसवे आहे, कारण या बंदुका सरकारने कधी विकलेल्याच नसतात. आपल्याकडे निवडणुकीत परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात ती पुढे परत मिळतात; येथे बंदूक कायमची जाते, निदान देणाऱ्यापुरती तरी. देणाऱ्याचे नावगाव सहसा विचारले जात नाही.

बॉल्टिमोर पोलिसांनी १९७४ मध्ये बंदुकीमागे ५० डॉलर देऊन सुमारे १३,५०० बंदुका गोळा केल्या. १९९९ मध्ये क्लिंटन सरकारने दीड कोटी डॉलरची योजना जाहीर केली. २००१ मध्ये बुश सरकारने ती गुंडाळली. तेव्हापासून भार मुख्यतः शहरांवर व देणगीदारांवर आहे.

शस्त्रांविषयी कायदे करण्याचा अधिकार मात्र बहुतेक राज्यांनी स्वतःकडे राखला आहे, त्यामुळे शहरे व राज्ये यांच्यातील खरा वाद जमा झालेल्या बंदुकीचे पुढे काय करायचे याचा आहे. ॲरिझोनातील टूसॉन येथे ८ जानेवारी २०११ च्या गोळीबारात सहा जण ठार झाले व खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स जखमी झाल्या. दोन वर्षांनी त्याच तारखेला तेथील पोलीस ठाण्यात बंदुकीमागे ५० डॉलरचे किराणा-भेटकार्ड देण्यात आले आणि सुमारे २०० बंदुका जमा झाल्या. बाहेर खासगी खरेदीदार रोख पैसे घेऊन उभे होते. रांगेकडे येणाऱ्यांना तिथेच गाठून ते भाव करत होते, आणि हा व्यवहार कायदेशीरही होता. त्याच वर्षी राज्याने कायदा करून अशा बंदुका नष्ट न करता परवानाधारक विक्रेत्यांना विकण्याचे बंधन घातले. टूसॉनने आपल्या २००५ च्या नियमानुसार बंदुका नष्ट करणे चालूच ठेवले. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराविरुद्ध निकाल दिला. इंडियानाने तर अशा खरेदीसाठी सार्वजनिक पैसा वापरण्यावरच बंदी घातली.

दरपत्रक ठरवणेही सोपे नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे एकाने त्रिमितीय छपाईयंत्रावर बनवलेले सुटे भाग आणून २१,००० डॉलरची भेटकार्डे नेल्याचे सांगितले. त्यानंतर राज्याने नियम बदलले. गुन्हेगारी घटण्याबाबत पुरावा क्षीण आहे : येणाऱ्या बंदुकांत जुन्या व नादुरुस्त बऱ्याच असतात, आणि मिळालेल्या पैशांतून नवी घेण्यास आडकाठी नसते.

‘नष्ट करणे’ म्हणजे काय, हेही पाहावे लागते. संघराज्याच्या कायद्यात बंदूक म्हणजे मुख्यतः तिचा मधला सांगाडा, म्हणजे रिसीव्हर. तेवढाच चिरडला तरी नियम पाळला जातो. काही कंपन्या पोलिसांचे हे काम फुकट करतात आणि उरलेली नळी, दस्ता, चाप यांचे संच करून विकतात.