भूऔष्णिक ऊर्जा, महाराष्ट्रातील

पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेचा घरे उबदार ठेवण्यासाठी व वीजनिर्मितीसाठी केलेला उपयोग. जमिनीत खोल जावे तसे तापमान सामान्यतः दर किमी.स २५° ते ३०° से.ने वाढते. भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी तापून पुन्हा वर आले की उष्ण झरा निर्माण होतो.

या उष्णतेचा पद्धतशीर वापर शीत प्रदेशांत सुरू झाला. अमेरिकेतील बॉइझी (आयडाहो) येथे १८९२ मध्ये उष्ण पाणी नळांतून घरोघर खेळविण्यात आले. इटलीत लार्देरेल्लो येथे प्येरो जीनोरी कोंती यांनी १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर जनित्र चालवून पाच दिवे लावले. १९१३ मध्ये तेथे २५० किवॉ.चे केंद्र उभे राहिले.

महाराष्ट्रात उष्ण झऱ्यांची ओळख फार जुनी आहे. उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव, उनकेश्वर या स्थलनामांत ‘ऊन’ (गरम) हा शब्दच टिकून राहिला आहे. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या परिसरापासून राजापूरपर्यंत झऱ्यांची जवळजवळ दक्षिणोत्तर रांग असून, तीत खेड तालुक्यातील उन्हवरे येथील पाणी सु. ७१° से. इतके तप्त आहे. हे झरे ज्वालामुखीचे अवशेष होत, हा समज मात्र निराधार आहे. दख्खनचा बेसाल्ट सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून तो केव्हाच निवाला आहे. पाणी तापते ते खोल विभंगांमधून अभिसरण होताना.

केंद्र शासनाने १९६६ मध्ये उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशभर पाहणी व निवडक ठिकाणी वेधन केले. लडाखमधील पुगा येथे झऱ्याच्या उष्णतेने खोली उबदार ठेवण्याचे प्रयोग झाले, तर हिमाचल प्रदेशातील मणिकर्ण येथे ५ किवॉ.चे प्रायोगिक संयंत्र बसविण्यात आले. कमी तापमानाच्या पाण्याने बाष्पचक्की थेट चालत नाही. म्हणून अशा संयंत्रात ते पाणी कमी उत्कलनबिंदूच्या द्रवाला उष्णता देते व त्या द्रवाच्या बाष्पावर चक्की फिरते. कोकणातही ही रीत तत्त्वतः शक्य आहे, परंतु ७१° से.च्या पाण्यापासून मिळणारी कार्यक्षमता तुटपुंजी राहते. शिवाय कुंडे ही तीर्थे आहेत. जवळ खोल वेधन करून पाणी उपसल्यास त्यांचा प्रवाह घटू शकतो, आणि ही अडचण क्षुल्लक मानता येत नाही.

पूर्व विदर्भात प्रश्न वेगळा आहे. नागपूर जिल्ह्यातील कन्हान हे गाव कामठी कोळसाक्षेत्राच्या परिसरात येते. ज्या सातपुड्यात कन्हान नदी उगम पावते, त्याच्या उत्तर अंगास नर्मदा-शोण विभंगपट्टा असून अनहोनीचे (छिंदवाडा जिल्हा) उष्ण झरे त्याच्याशी निगडित आहेत. कन्हानखालीही उष्णता आहेच. पण ती वर आणणारे तप्त पाणी नसेल, तर काही किमी. खोल वेधनाचा खर्च अटळ ठरतो. उलट कोळसा थोड्याच खोलीवर सापडत होता. कोराडीचे औष्णिक विद्युत् केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले आणि या भागाची वीज कोळशाशी बांधली गेली. राख व धूर ही तिची किंमत होय. घरे तापविण्याची गरज तर येथे नाहीच. नागपूरकडील उन्हाळा पाहता गारव्याचीच चिंता अधिक. त्यामुळे राज्यात या उष्णतेचा व्यवहार्य उपयोग शेतमाल वाळविणे व शोषण-पद्धतीने शीतगृहे चालविणे यांत शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. पुगा येथे १ मेवॉ.च्या प्रायोगिक केंद्रासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ मध्ये करार केला. कोकणातील कुंडांचे पाणी मात्र मुख्यतः स्नानासाठीच वापरले जाते.